एका कथेची भवानी

४ मार्च
माझी ‘नाक’ ही कथा पुन्हा अडली, या वेळी पुण्यात. तिसऱ्यांदा.
संपादक लिहितात, कथा फार आवडली, छापू, पण आमच्याकडे मानधनाची प्रथा नाही. अंकाची एक प्रत देऊ. शिवाय लेखिकेने वार्षिक वर्गणी भरली तर मासिकाला आधार होईल.
उत्तर लिहिलं: कागदवाल्याला पैसे देता? छापखान्याला देता? पोस्टाला देता? मग ज्या बाईने अक्षरं लिहिली तिनेच काय घोडं मारलंय? पाठवूनही टाकलं. हरेश म्हणाला, “आदी मला वाचून तरी दाखवायचं.” नवऱ्याला दाखवलं असतं तर त्याने पाठवू दिलं नसतं.
सासूबाईंना, म्हणजे आयला, काही सांगितलं नाही. पण तिला सगळं कळतं.

९ मार्च
सकाळी दोन तास लिहिते ते आता घरात डोळ्यावर यायला लागलं आहे. आयचे गुडघे गेले. पहाटे बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन एकटी जाते. मी पंख्याखाली वही घेऊन.
आज तिने विचारलंच. “रोज सकाळची काय लिवतंस?”
“कथा.”
“घेते कोन?”
“अजून कुणी नाही.”
“मंग भवानी झाली नाय तुजी.”
बाजारात पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. तिला रिकाम्या हाती पाठवत नाहीत आणि उधारही देत नाहीत. दोन पैसे कमी घेतील, पण रोख घेतील, नोट कपाळाला लावतील, मग दिवस सुरू. आय पन्नास वर्षं हे पाळते. ताप असताना पाळलं, सासरे गेले त्याच्या पंधराव्या दिवशी पाळलं.
मग आयने सौदा टाकला. दिवाळीपर्यंत सकाळ माझी. तोवर एक गोष्ट विकून दाखवायची. रोख. नाही जमलं तर सकाळी तिच्यासोबत बाजारात.
“कबूल,” म्हणाले. हात वर करून. हरेश हसला. “ठराव पास झाला,” म्हणे.

१३ मार्च
महिला मंडळात भाषण. विषय नेहमीचा: दलाल भाव पाडतो आणि आपण गप्प बसतो. माइक बंद पडला, तसंच बोलले. शेवटच्या रांगेतल्या बायका उठून टाळ्या वाजवत होत्या. “तुमच्या घामाला फुकट हात लावू देऊ नका!”
घरी येताना वाटलं, हे बोलणारी बाई आपली कथा एका प्रतीवर देऊन टाकणार असेल तर तिने पुन्हा माइकला हात लावू नये. हे लिहून ठेवते. नंतर पलटायला नको.

२० मार्च
बोईसर. ‘नाक’ पुन्हा टाइप करून घेतली, शेवट बदलला होता. यादवजी एरवी भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करतात. मराठी वाचता येतं, समजत नाही म्हणतात. अर्ध्यावर थांबून विचारलं, “दीदी, इसमें पार्टी कौन है? काशीबाई वादी है कि प्रतिवादी?”
म्हटलं, कहानी है.
“अच्छा. तो स्टँप नहीं लगेगा.”
पानाच्या दराने पैसे मोजून घेतले, पावती दिली. ‘नाक’वर आजवर पैसे कमावलेला एकच माणूस, यादवजी.

२ एप्रिल
कथास्पर्धा. पहिलं बक्षीस चांगलं आहे. खाली बारीक अक्षरात प्रवेशशुल्क. त्याखाली आणखी बारीक: आलेल्या सर्व कथांचे हक्क आयोजकांकडे.
म्हणजे टोपली घेऊन बसायचं, गिऱ्हाईक आलं की आपणच त्याला पैसे द्यायचे, आणि त्याने नाही घेतली तरी टोपली त्याचीच. आयला सांगितलं तर म्हणाली, “असा बाजार कंच्या गावाला भरते? मीच जाते गिऱ्हाईक होऊन.”

१७ एप्रिल
गोष्टी ऐकायच्या एका अॅपवरून कुणा मुलीचा फोन. गोड आवाज. पैसे देतात! पण कथा नको, मालिका हवी. सासू-सून. प्रत्येक भाग थप्पड, विष किंवा गरोदरपणावर संपायला हवा. पहिले भाग नमुन्यादाखल, त्याचे पैसे नाहीत.
“तुमच्या घरी सासूबाई आहेत ना मॅडम? मग मटेरियल आहेच.”
आय तेव्हा अंगणात बोंबील दोरीवरून काढत होती. गुडघा धरून खाली बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली.
फोन ठेवला.

६ मे
ठाण्याचा एक दिवाळी अंक. संपादकांनी स्वतः फोन केला, अर्धा तास बोलले, ‘नाक’मधली वाक्यं तोंडपाठ. हुरूप आला. मानधन? “देऊ ना. का नाही देणार?”
मग मुद्दा. “ताई, तुमच्याकडे तारापूरला एवढे कारखाने. एक पान जाहिरात आणा. कथा पक्की, मानधन पक्कं.”
म्हटलं, साहेब, कथा वाचलीत ना? ती कशावर आहे?
“वाचली की. म्हणून तर म्हणतो, कथेत कुठल्या कंपनीचं नाव नाही हे बरं केलंत.”
काय बोलले ते सगळं आठवत नाही. हरेश जाळं शिवत बाहेर बसला होता, तो आत येऊन दार लावून गेला.

७ मे
रागात बोलले याचं वाईट वाटत नाही. ते हसून ऐकत होते, त्याचं वाटतं.

२ जून
पावसाळ्याची मासेमारी बंदी लागली, होड्या किनाऱ्यावर. आता दोन महिने सुक्या मासळीवर.
‘नाक’ पुन्हा वाचली. दोन वर्षं झाली तिला. काशीबाई डोळे मिटून, नुसत्या वासावरून सांगायची मासळी कालची की आजची, कुठल्या खाडीच्या तोंडाची. पुढे कंपन्यांचं पाणी समुद्रात यायला लागलं आणि हळूहळू तिला प्रत्येक मासळीला एकच वास यायला लागला. औषधाचा. कुणाला सांगणार? सांगितलं तर घेणार कोण? शेवटी एका सकाळी ती बाजारात बसते आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलते: “घे बाय, वास घेऊन बघ, ताजी हाय.”
दोन वर्षांपूर्वी आयने एक पापलेट नाकाशी नेलं, थांबली, आणि माझ्या हातात दिलं. “तू बघ.” एवढंच. त्याआधी तिने कधीच दुसऱ्याला विचारलं नव्हतं. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. कथा तिथून.
आयला ही कथा कशावर आहे ते माहीत नाही.

२७ जून
नाशिक. दिवाळी अंक. बाई संपादक, आवाज तुटक, कोरडा.
“‘नाक’ ठेवतेय. एक शब्द बदलणार नाही. मानधन मोठं नाही, पण देतो. अंक निघाला की आठ दिवसांत. अट एकच, कथा कुठेही आलेली नसावी. छापील, व्हॉट्सअॅप, काहीही. आमचे वाचक आधी वाचलेलं घेत नाहीत.”
म्हटलं, कुठेही आलेली नाही.
फोन ठेवून समुद्रापर्यंत चालत गेले. किनाऱ्यावर कुत्री आणि उलट्या घातलेल्या होड्या. कुणाला सांगू असं झालं. पावसात भिजून परत.

२८ जून
आयला सांगितलं.
“हातात आले?”
“अंक निघाल्यावर.”
“मंग उधार हाय.”
“आय, त्या शब्दाच्या पक्क्या आहेत.”
“उधारवाला समदाच शब्दाचा पक्का असते गे.” पण हसली. दुपारच्या जेवणात मला बोंबलाचा मोठा तुकडा. तो एरवी हरेशला जातो.

११ ऑगस्ट
नोटीस. एका कंपनीला कारखाना वाढवायचा आहे. पालघरला जनसुनावणी, १९ ला. आमच्या नवापूर गावाने एकमताने ठरवलं, वैनी बोलणार, म्हणजे मी. कागद गोळा करते आहे: पाण्याचे अहवाल, जुने अर्ज, मेलेल्या मासळीचे फोटो. सात मिनिटांत बसवायचं आहे.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ
पालघरहून आत्ता आले. 
आधी कंपनीच्या माणसाने पडद्यावर आलेख दाखवले. सगळे खाली जाणारे, हिरवे. मग आमच्या बाजूचे दोघे बोलले, कागद वाचून. अधिकारी मोबाईलमध्ये. एकाने जांभई दिली, तोंडावर हातसुद्धा नाही.
माझं नाव पुकारलं. अहवाल उघडला, पहिला आकडा वाचला. कंपनीचा माणूस शेजारच्याशी कुजबुजून हसला.
फाइल मिटली. म्हणाले, “साहेब, आकडे तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत. तुम्हाला काशीबाईची गोष्ट सांगते.”
आणि सांगितली. सगळी. पहिल्या वाक्यापासून. तोंडपाठच आहे ना. “घे बाय, वास घेऊन बघ, ताजी हाय” पर्यंत. वर म्हणाले, “ही बाई खोटं का बोलते याचं उत्तर आज इथे लिहून घ्या.”
हॉलमध्ये पंख्यांचा आवाज. त्या जांभईवाल्याने मोबाईल उलटा ठेवला. मागे एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून. आयुष्यात असं ऐकलं गेलं नव्हतं. कधीच नाही.
परतताना टेंपोत बायका गात होत्या. बोईसरच्या अलीकडे कुठेतरी लक्षात आलं, समोर किती मोबाईल वर धरलेले होते.

२० ऑगस्ट
नाशिक. नाशिक. नाशिक.

२१ ऑगस्ट
व्हिडिओ सगळीकडे. सरावलीतल्या कामगारांच्या ग्रुपवर, कुंभवलीत, हरेशच्या होडीवरच्या पोरांकडे. ‘नवापूरच्या वाघिणीने साहेबांची बोलती बंद केली.’ एका स्थानिक वृत्तपत्राने तर गोष्ट शब्दशः छापली, खाली नाव नाही. सकाळपासून फोन. वैनी, रडलो आमी. वैनी, जबरदस्त.
सहा महिने ओरडत होते, फुकट देणार नाही. सात मिनिटांत सगळ्या जिल्ह्याला फुकट.
पण खरं लिहायचं तर, पुन्हा तिथे उभी राहिले तर पुन्हा सांगेन. मग रडते कशाला? माहीत नाही.

२४ ऑगस्ट
आय बाजारातून दहालाच परत. टोपली भरलेली.
मी वाटेत हात लावायला गेले, तिने टोपली दुसऱ्या बाजूला घेतली. ओट्यावर ठेवली. फडकं काढलं. कोळंबी तशीच, मांदेली तशीच.
“भवानी नाय झाली.”
पन्नास वर्षांत पहिल्यांदा.
पहिलं गिऱ्हाईक रोजची बाई, कॉलनीतली. मोबाईल पुढे धरला म्हणे. “मावशी, हे तुमच्याच गावचं ना? मासळीला औषधाचा वास येतो म्हणतायत.” आय बोलली, ती फेकाफेकी हाय. तर ती म्हणाली, अहो, तुमच्याच सूनबाई बोलतायत.
मग ती गेली. मागचीही गेली. शेजारच्या डहाणूकडच्या बायका लांब सरकून बसल्या. “आमची नाय हां नवापूरची,” असं ओरडून विकत होत्या.

२६ ऑगस्ट
दोन दिवस आय माझ्याशी बोलली नव्हती. आज पायऱ्यांवर बसून, माझ्याकडे न बघता:
“ती काशी मीच ना?”
हो म्हटलं.
“मी तुला बोलले होते का कुनाला सांग?”
“नाही.”
“तू मना इचारलं का, आय, सांगू का?”
“नाही.”
“माजं नाक गेलं ते म्हातारपनानं गेलं का पान्यानं गेलं, मनाच म्हाईत नाय. तुला कसं म्हाईत?”
सभेत कुणी असा प्रश्न विचारला असता तर उत्तर तयार होतं. तीन उत्तरं तयार होती. तिच्यापुढे एकही चाललं नसतं.
ती उठली. मी हात दिला. घेतला, कारण गुडघा. बाकी काही समजायचं कारण नाही.

३० ऑगस्ट
नाशिकचा फोन. मीच करायला हवा होता, केला नाही. भ्याले.
“ताई, माझ्या भाचीने मला व्हिडिओ पाठवला. ही आपलीच कथा.”
“हो.”
“तुम्हाला अट माहीत होती.”
“हो.”
मग म्हणाल्या, “फार छान बोललात. मी दोनदा पाहिला.” आणि, “कथा घेता येणार नाही.”
भांडायला तोंडच नव्हतं. वर्षभरात एकच माणूस सरळ वागला, आणि शब्द मी मोडला.
“दुसरी काही आहे? पाच दिवसांत देऊ शकाल?”
देते म्हटलं. दुसरी नाही.

४ सप्टेंबर
पाच दिवस. चार सुरुवाती. सगळ्या भाषणं. प्रत्येक पात्र उभं राहून मुठी आवळतं. फाडल्या.
नाशिकला कळवलं. त्यांनी ‘ठीक’ एवढंच लिहिलं.

१८ सप्टेंबर
सुनावणीचं इतिवृत्त आलं. सरपंचांनी वाचून दाखवलं. बारा पानं. कंपनीचे आलेख रंगीत. माझ्याबद्दल एक ओळ: “स्थानिक महिलेने आपल्या भावना व्यक्त केल्या.”
सरपंच म्हणाले, “वैनी, निदान नोंद तरी झाली.”
दिवाळी अंकात गेली नाही, सरकारी कागदात गेली नाही, आयची टोपली तेवढी बुडवली. हा हिशोब कुठल्या सभेत मांडू?

२ ऑक्टोबर
बाजार थोडा सावरतो आहे. लोक विसरतात. व्हिडिओ ज्या वेगाने आला त्याच वेगाने गेला, आता सगळीकडे कुठल्याशा कुत्र्याचा आहे. आयसाठी बरं झालं असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मी विसरू नका म्हणून बोलले होते.

दिवाळी
नाशिकचा अंक टपालाने. मी नसलेला. अनुक्रमणिका दोनदा पाहिली तरी. बाईंनी आत चिठ्ठी ठेवली आहे: “पुढच्या वर्षी नवी कथा असेल तर आधी मला. मानधन या वेळी अर्धं आगाऊ पाठवीन. पण या वेळी कुणाला सांगू नका.”
आयने चिठ्ठी बघितली. “काय म्हनते?”
“पुढच्या वर्षी घेईन म्हणते.”
सौदा तिने काढला नाही. मीच म्हटलं, भाऊबीज झाली की येते बाजारात.
“पदर कमरंला खोच चांगला. आनी थितं भाषन नको.”

३ नोव्हेंबर
पहिला दिवस. आय पाटावर, मी बाजूला सुरी घेऊन. बोंबील, मांदेली, थोडी कोळंबी. हात माशाने थंड. सकाळी या वेळेला वही उघडी असायची.
बराच वेळ कुणी नाही. मग एक बाई, चष्मा, शाळेतली असावी. टोपलीपुढे वाकली, मला बघून थबकली.
“तुम्ही त्याच ना? सुनावणीतल्या?”
हो म्हटलं. खोटं कसं बोलणार.
“काय सांगितलीत हो ती गोष्ट! मी वर्गात मुलांना ऐकवली.” मग आजूबाजूला बघून, हळू, “ताई, तुम्ही खरं बोलणाऱ्या आहात म्हणून तुम्हालाच विचारते. ही घेऊ का? वास नाही ना?”
तिने बोंबील उचलून नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघत राहिली. आय माझ्याकडे बघत नव्हती. फडकं घड्या करत होती. एकाच फडक्याच्या पुन्हा पुन्हा घड्या. भवानी व्हायची होती.
माझ्या नाकाला काय वाटलं ते मला माहीत आहे.
“घ्या बाई,” म्हणाले, “वास घेऊन बघा, ताजी आहे.”
तिने घेतली. आयने नोट कपाळाला लावली, मग माझ्या कपाळाला लावली. आजवर कधी लावली नव्हती.

५ नोव्हेंबर
लिहायची वेळ आता दुपारी, भांडी झाल्यावर. डोळे मिटतात.
काशीबाईची गोष्ट जिथे संपते तिथे परवा मी बसले होते. दोन वर्षं लिहिताना त्या वाक्याच्या पुढे काय, ते मला दिसलं नव्हतं. आता दिसतं. ही कथा ‘नाक’पेक्षा चांगली आहे, ओळीन् ओळ डोक्यात तयार आहे. नाशिकच्या बाई घेतील. अर्धे आगाऊ देतील. रोख.
आणि छापून आली की ती चष्म्याची बाई वाचेल.
आयला विचारलं पाहिजे. या वेळी आधी विचारलं पाहिजे. ती आत पडली आहे, पहाटे तीनला उठायचं आहे तिला.
वही उघडी आहे. वर तारीख टाकली, खाली त्या कथेचं पहिलं वाक्य लिहिलं. खोडलेलं नाही अजून.